पगडीखालचं कपाळ

दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा, असं सांगायला संपादक स्वतः घरी आले, तेव्हा त्यांच्या मनात काय होतं ते मला दिसत होतं. संस्थानी दवाखान्यात जन्म घालवलेला डॉक्टर म्हटल्यावर त्याच्यापाशी प्लेगाच्या हकिकती असणार, वाघानं ओरबाडलेला एखादा शिकारी असणार, झालंच तर राजवाड्यातलं विषप्रयोगाचं प्रकरण असणार. मी म्हटलं, "तोंडावरच्या पुटकुळ्यांवर लिहितो." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"सणासुदीला पुटकुळ्या?" ते म्हणाले.

"सणासुदीलाच लोक त्यांची जास्त काळजी करतात," मी म्हटलं. "आणि प्लेगावर मी लिहिणार नाही."

त्याचं कारण शेवटी येईल. संपादक भले गृहस्थ, त्यांनी वाद घातला नाही, फक्त जरा हिरमुसून गेले.

पण खरं सांगतो, धारच्या आणि पुढं देवासच्या दवाखान्यात मी जी माणसं पाहिली, त्यांतली मला आज आठवतात ती फार करून मरणाच्या दारातून परत आलेली नव्हेत. मान खाली घालून आलेली आठवतात. पुटकुळ्यांनी कुणी मरत नाही, म्हणून डॉक्टरही हसून घालवतात. ज्याच्या तोंडावर त्या उठतात त्याला मात्र अंगणात उभं राहायची चोरी होते. ओढणीचं टोक तोंडात धरून बोलणाऱ्या पोरी आणि गालावर हात ठेवून उभे राहणारे पोरगे मी इतके पाहिले, की दारात माणूस कसा उभा आहे यावरून दुखणं ओळखू लागलो होतो.

आधी धंद्याचं थोडं सांगून टाकतो. आपल्या कातडीला बारीक छिद्रं असतात आणि त्यांच्या तळाशी तेलाची एकेक चिमुकली घाणी असते. लहानपणी ती मंद चालते. वयात येताना शरीरात जी उलथापालथ होते तिच्यामुळं ती जोरात फिरू लागते. तेल भरपूर, वाट अरुंद, त्यात झडलेल्या कातडीचा कोंडा अडकला की छिद्राला बूच बसतं. बूच उघडं राहिलं तर काळा ठिपका दिसतो, झाकलेलं राहिलं तर पांढरा, आणि आत पिकलं की लाल, ठणकणारी पुटकुळी. काळा ठिपका म्हणजे मळ नव्हे, हे मी हजारदा सांगितलं असेल, तरी लोक वज्रीनं टाच घासावी तसं नाक घासत. घासल्यानं कातडी चिडते आणि पुटकुळ्या वाढतात.

हे कुणाला होतं? वयात येणाऱ्या जवळजवळ सगळ्यांना, कमी-अधिक. आईबापांना झालं असेल तर मुलांना जास्त संभव. बायकांना महिन्याच्या त्या दिवसांच्या अलीकडं जोर होतो, आणि काहींना पोरंबाळं झाल्यावरही सुटका नसते. चोपडलेली तेलं, तुपट लेप, घाम, घट्ट बांधलेलं काही, सतत घासणारं काही, यांनी भर पडते. काही औषधांनीही तोंड फुलून येतं. तिखटानं होतं की गोडानं, यावर माझ्या वेळी डॉक्टरांतच एकमत नव्हतं. मी कुणाचा लाडू कधी बंद केला नाही. आणि हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, माझी सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे.

औषधापेक्षा समजुतींशी माझा झगडा जास्त झाला. टोंकखुर्दकडचा एक पटेल आपल्या तरण्याताठ्या भावाला घेऊन आला. भावाचे गाल डाळिंबासारखे फुटले होते.

"डाक्टर साब, इको ब्याव करी दां तो मुंडो साफ वई जायगो?" लग्न लावून दिलं तर तोंड साफ होईल का, असं त्याला विचारायचं होतं.

मी म्हटलं, "पटेलजी, ब्याव खुशी से करो, फुन्सी के वास्ते मत करो."

पटेलानं जरा विचार केला. "तो पेलां दवई दई दो. ब्याव पाछे करांगा." इतका समंजस माणूस मला पुन्हा भेटला नाही.

दुसऱ्या होत्या देवासच्या एक वकिलीणबाई. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, त्या काळी देवास गाव एक आणि राज्यं दोन. रस्त्याच्या या अंगाला थोरली पाती, त्या अंगाला धाकटी. बाई सकाळी माझं गंधकाचं पाणी लावत, दुपारी रस्ता ओलांडून एका वैद्यबुवांचा लेप आणत, आणि संध्याकाळी नणंद मसुराच्या भरड पिठानं तोंड घासून देई. माझ्याकडं आल्या तेव्हा तोंडाची सालं निघाली होती. मी म्हटलं, "बाईसाहेब, आपल्या गावावर दोन राज्यं चालतात, पण तोंडावर चालत नाहीत. एकाचं कुणाचं तरी मान्य करा. माझं नको असेल तर वैद्यबुवांचं करा, पण एकाचं." त्यांना हसू आलं आणि हसल्यावर गाल झोंबले, तेव्हा त्या मला रागावल्या.

पण मला सांगायचंय ते धारच्या गोविंदाबद्दल. तेव्हा मी धारला नवा होतो आणि अंगात नव्या डॉक्टराचा सगळा ताठा होता.

गोविंदाचे वडील, ज्यांना सगळं गाव नाना म्हणे, संस्थानच्या पागेचे दारोगा होते. म्हणजे घोडे, त्यांची दाणा-वैरण आणि खरारा करणारे मोतद्दार, सगळं त्यांच्याकडं. ते आदल्या भाद्रपदात गेले. मागं पत्नी, गोविंदा आणि एक धाकटी मुलगी. राहतं घर पागेला लागून, संस्थानचं. गोविंदा एकोणीस-वीस वर्षांचा, वडिलांचं काम तो हंगामी म्हणून पाहत होता. येत्या दसऱ्याच्या दरबारात त्याला नानांची जागा कायम मिळायची होती. जागा मिळाली तर घर राहणार होतं. बहिणीची देवासला ठरलेली सोयरीकही त्याच्यावरच टिकून होती.

ऐन जेठात, ऊन मी म्हणत असताना, तो दवाखान्यात आला. सगळे रोगी जाईपर्यंत व्हरांड्यात थांबला. डोक्यावर नानांची पगडी, भुवयांपर्यंत उतरलेली. खाली गाल आणि हनुवटी पुटकुळ्यांनी भरलेली, पगडीच्या कडेखाली कपाळ लालभडक आणि गाठाळलेलं.

"डाक्टरसाहेब, मला महारोग आहे का? खरं सांगून टाका. माईला सांगायचं ते माझं मी सांगेन."

मी त्याला डोळे मिटायला सांगितलं. गालावर, कपाळाच्या दिसत होता त्या भागावर मोराच्या पिसाचं टोक फिरवलं, मग टाचणी टेकवली. प्रत्येक वेळी त्यानं बरोबर सांगितलं. भुवया दाट होत्या. कोपरामागची शीर चाचपली, जाड झालेली नव्हती. महारोगात भुवया झडतात, शिरा जाड होतात आणि कातडी बधिर होते, याची तर नको तितकी हुळहुळी होती.

"नाही रे बाबा," मी म्हटलं. "या तारुण्याच्या पुटकुळ्या आहेत. जरा जोरात आल्यात, एवढंच."

मला वाटलं, पोरगा आनंदानं उडी मारील. तो तसाच बसून राहिला.

"पण लोकांना कोण सांगणार? पागेतले लोक माझ्या हातचं पान घेत नाहीत. पाणी पिऊन भांडं ठेवलं की ते विस्तवावर धरतात. भियाऽ म्हणून गळ्यात हात टाकणारे दोस्त लांबून रामराम करतात."

मी तडक कारभाऱ्यांकडं गेलो. वृद्ध आणि विचारी माणूस. माझं सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "डॉक्टर, तुमचा शब्द मला पुरे आहे. पण दरबारात विड्याचं तबक फिरतं. गोविंदानं विडा उचलल्यावर त्याच तबकातला विडा पुढचा माणूस उचलेल का, ते सांगा. नाही उचलला, तर भरदरबारात शोभा होईल. मग त्या मुलाला जागा देऊन तरी काय उपयोग? त्याच्या हाताखाली कोण काम करील?"

दसऱ्याला काही महिने होते. तेवढ्यात तोंड निवळलं तर ठीक, नाहीतर त्या घरावर पाणी सोडायचं होतं.

मी इलाज सुरू केला. तो तेव्हाही साधा होता आणि आजही मी तोच सांगेन. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यानं आणि सौम्य साबणानं तोंड धुवायचं, हलक्या हातानं, घासायचं नाही. पंच्यानं टिपायचं. झोपताना गंधकाचं पाणी लावायचं. गंधक, कापूर, थोडा डिंक आणि गुलाबपाणी यांचं ते आम्ही दवाखान्यातच करत असू. फार झोंबलं तर एक दिवस सोडायचा. तेल केसांपुरतं, तोंडावर थेंब नको. दाढी करायची ती स्वतःच्या वस्तऱ्यानं, केसांच्या रोखानं. पुटकुळीला हात लावायचा नाही, दाबायची तर मुळीच नाही, कारण दाबली की घाण आत पसरते आणि जन्माचा डाग राहतो. आणि धीर धरायचा. हे औषध आज लावलं आणि उद्या गुण आला असं होत नाही, आठवडेच्या आठवडे जातात. हे शेवटचं ऐकताना रोग्याची तोंडं जी होतात ती पाहण्यासारखी असतात.

आषाढ सरता सरता गोविंदाचे गाल निवळू लागले. कपाळ मात्र जसंच्या तसं. उलट जास्तच. मी गंधक वाढवला, कमी केला. काही फरक नाही.

वाचक विचारतील, डॉक्टर, तुम्ही त्याला पगडी काढायला का लावली नाही? आजच्या उघड्या डोक्याच्या जमान्यात हे समजावणं कठीण आहे. मोठ्या माणसासमोर बोडकं डोकं म्हणजे बेअदबी. त्यातून नानांच्या तेराव्याला चारचौघांसमोर ती पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली गेली होती. माळव्यातल्या इतरांप्रमाणं आपल्या मराठी घरांनीही तो विधी उचलला होता. बाप गेलेल्या पोराला 'पगडी उतरव' म्हणणं हे धोतर सोड म्हणण्याइतकंच अवघड होतं. ते त्याला सुचलं नाही, मला सुचलं नाही, कुणालाच सुचलं नसतं.

श्रावणातल्या एका सकाळी मी नालछ्याच्या बाजूचा एक रोगी पाहून तट्टावरून परतत होतो. पागेमागून वाट होती. विहिरीवर गोविंदा अंघोळीसाठी पाणी ओढत होता, उघड्या डोक्यानं. मी तट्टू थांबवलं. त्याच्या कपाळावर एका कानशिलापासून दुसऱ्या कानशिलापर्यंत आडवा पट्टा होता, लाल, सुजलेला, दोरी धरून आखावा तसा. त्या पट्ट्याच्या वर, केसांपर्यंतची कातडी स्वच्छ होती. अगदी लहान मुलासारखी.

"पगडी कुठंय?" मी तिथूनच ओरडलो. त्यानं दचकून बादली सोडली, ती थेट विहिरीत गेली.

पगडी ओसरीवर कोनाड्यात होती. मी हातात घेतली आणि आत बोट फिरवलं. बोट तेलानं माखलं. आतली कपाळपट्टी वर्षानुवर्षांच्या तेलानं काळी, चिवट झाली होती. नानांचं डोकं मोठं, गोविंदाचं लहान. पगडी घसरू नये म्हणून पट्टीच्या आत कापूस आणि चिंध्या ठासल्या होत्या, त्याही तेलकट. हे सगळं तेराव्यापासून रोज, आणि वैशाखापासून घामात, दिवसभर त्याच्या कपाळावर आवळलेलं. वय हे अर्धं कारण होतं. उरलेलं अर्धं माझ्या हातात होतं.

"हे तेल कोण लावतं?" मी विचारलं.

गोविंदानं दाराकडं पाहिलं. दाराआडून बाईचा आवाज आला. त्या वहिनी, गोविंदाची आई. वर्ष सरलं नव्हतं, त्या कुणासमोर येत नसत.

"मी लावते. रोज दिवे लागले की. चमेलीचं आहे, यांचंच. का बरं?"

"वहिनी, गोविंदाच्या कपाळावरचं दुखणं या पगडीतून आलंय."

दार जरा आणखी उघडलं. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे यांच्यामुळं?"

"नानांमुळं नाही. तेलामुळं."

"तेल तर मी लावते."

आणि त्या बाहेर आल्या. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. चाळिशीही न गाठलेली बाई, डोळ्यांत पाणी नव्हतं, पण चेहरा असा की मला वाटलं हे आपण बोललो नसतो तर बरं. त्यांनी माझ्या हातातून पगडी घेतली आणि छातीशी धरली.

"डाक्टरसाहेब, यांचे कपडे दान दिले, अंथरूण दिलं. रिवाजच आहे नं तसा. ही एकच राहिली. पट्टीला यांच्या डोक्याचा वास आहे. तेल घातलं नाही तर तो उडून जाईल म्हणून घालते. मला काय ठाऊक, पोराला बाधतं म्हणून."

मला त्या क्षणी औषधशास्त्रातलं काही आठवेना. मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही मायेनंच लावत होता. पण कातडीला माया कळत नाही, तिला तेल तेवढं कळतं. पगडी राहू द्या. गोविंदानं तीच घालावी. फक्त आतली पट्टी बदलू या. जुनी काढायला हवी."

"ती काढली तर मग तिच्यात यांचं काय राहिलं?"

गोविंदा हळूच म्हणाला, "राहू दे माई. मला नाही झालं बरं तरी चालेल."

त्या पोराचं ते वाक्य मी जन्मात विसरणार नाही. जागा, घर, बहिणीचं लग्न, सगळं जाणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. वहिनींनी त्याच्याकडं पाहिलं, बराच वेळ त्या पट्ट्याकडं पाहिलं, मग ओसरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "सुई आण."

एकेक टाका त्यांनी स्वतः उसवला. पट्टी निघाली तेव्हा तिची घडी केली, पितळेच्या डबीत ठेवली आणि डबी घेऊन आत गेल्या. जाताना म्हणाल्या, "पुढचं तुम्ही करा."

पुढचं केलं हुसेनचाचांनी. ते धारचे पगडी बांधणारे, दरबारातल्या निम्म्या पगड्या त्यांच्या हातच्या. पगडी उलटी करून त्यांनी आतला कापूस उपसायला सुरुवात केली आणि उपसतच राहिले.

"डाक्टर साब, इसमें तो पूरा तकिया भरा है. इस बच्चे ने गर्मी कैसे निकाली?"

मी त्यांना काय हवं ते सांगितलं: पगडी गोविंदाच्या मापाची व्हावी, आवळू नये आणि कपाळाला जे लागेल ते रोज धुता यावं. चाचांनी पगडी लाकडी साच्यावर चढवून माप कमी केलं, कापड तेच, रंग तोच. आत कपाळापाशी बारीक बंद लावले. त्या बंदांना मऊ मलमलची सुटी पट्टी बांधायची, संध्याकाळी सोडायची, दुसऱ्या दिवशी दुसरी. मजुरी विचारली तेव्हा म्हणाले, "नाना साब के घर का काम है." आणि हुक्का ओढू लागले.

पट्ट्या वहिनींनी शिवल्या. जुन्या धुवट मलमलच्या, शिवण बाहेरच्या अंगाला, म्हणजे कपाळाला टोचायला नको. हे मी सांगितलं नव्हतं. रोज संध्याकाळी ज्या वेळी त्या तेल लावत, त्याच वेळी आता पट्टी रिठ्याच्या पाण्यात धूत. घरात असताना गोविंदानं डोकं उघडं ठेवावं, हेही त्यांनी मान्य केलं. पागेच्या भिंतीवरून वाळत घातलेल्या त्या पांढऱ्या पट्ट्या रस्त्यावरून दिसत, आणि मी जाता-येता आधी तिकडं पाहू लागलो.

भाद्रपदात पट्टा फिका पडला. नानांचं वर्षश्राद्ध झालं तोवर गाठी बसल्या. नवरात्र बसलं तेव्हा कपाळावर नुसते पुसट डाग उरले होते आणि ते हळूहळू जाणार होते. मी इतका खूश होतो, की कारभाऱ्यांना दोनदा जाऊन सांगून आलो.

आणि अष्टमीच्या सकाळी गोविंदा तोंडाला उपरणं लावून हजर. उपरणं बाजूला केलं. नाकाच्या बाजूला, गालावर, बोराएवढी लाल पुटकुळी, सुजून चकाकत असलेली.

"ही कशी?"

"एक बारीकशी आली होती. दरबारात दिसेल म्हणून... आरशासमोर..."

"दाबलीस?"

"जरा."

मी त्याला काय काय बोललो ते या अंकात छापता येणार नाही. बाहेर बसलेले रोगी उठून उभे राहिले, असं कंपाउंडरानं मागून सांगितलं. इतके महिने ज्यानं सगळं पाळलं त्यानं आयत्या वेळी माती खाल्ली होती. गरम पाण्याच्या घडीनं शेक, वर हात लावायचा नाही, एवढंच करता येण्यासारखं होतं. वहिनींनी निरोप पाठवला, पावडर लावून झाकू का? मी सांगितलं, काही झाकू नका, लपवलेलं दिसलं की लोकांना दुप्पट संशय येतो.

दसऱ्याचा दरबार भरला. मीही माझ्या जागी बसलो होतो, पण लक्ष दुसऱ्या कशात नव्हतं. गोविंदाला नेमणुकीचं वस्त्र मिळालं, त्यानं मुजरा केला. पगडी नानांचीच होती, पण आता भुवयांवर उतरलेली नव्हती. कपाळ सगळ्यांना दिसत होतं आणि त्या स्वच्छ तोंडावर ती एकच पुटकुळी कंदिलासारखी दिसत होती.

विड्याचं तबक आलं. गोविंदानं विडा उचलला. त्याच्या शेजारी एक म्हातारे सरदार होते, मिशा कल्ल्यांना मिळालेल्या, फटकळ म्हणून सगळ्या गावात ठाऊक. तबक त्यांच्यासमोर थांबलं. त्यांनी हात पुढं केला नाही. वळून गोविंदाच्या तोंडाकडं पाहिलं, अगदी जवळून, डोळे बारीक करून. तबकवाला तसाच वाकून उभा.

आणि म्हातारा खोऽखो हसला.

"अरे, ही तर पुटकुळी!" तो भरदरबारात म्हणाला. "दाबलीस नं गाढवा? आम्हीही दाबत होतो. हा बघ." आणि त्यानं आपल्या गालावरचा जुना खड्डा बोटानं दाखवला. मग तबकातले दोन विडे उचलले, एक स्वतःच्या तोंडात घातला आणि दुसरा गोविंदाच्या हातात दिला.

दरबारात हशा पिकला. तबक पुढं गेलं आणि कुणीच थांबवलं नाही.

मी महिनोन् महिने ओरडून सांगत होतो ते कुणाला पटलं नव्हतं. पगडीखालून दिसणाऱ्या त्या गाठाळलेल्या लाल कपाळाला लोक महारोग म्हणाले, कारण तसं काही त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पण गालावरची एक पुटकुळी प्रत्येकाच्या ओळखीची होती, कारण ती प्रत्येकाला येऊन गेली होती. ज्या मूर्खपणाबद्दल मी गोविंदाला फाडून खाल्लं, त्याच मूर्खपणानं त्याचं काम केलं. मात्र वाचकहो, म्हणून दाबू नका. गोविंदाच्या गालावर तो डाग अजून आहे.

संध्याकाळी गोविंदा आपट्याची पानं घेऊन घरी आला, पाया पडला. त्याची जागा राहिली, घर राहिलं, पुढं बहीण देवासला नांदायला गेली. त्याचं श्रेय गावानं मला दिलं. पण उसवणारे हात वहिनींचे, माप हुसेनचाचांचं आणि हसू त्या म्हाताऱ्याचं. या तिघांचे उपकार मी आजवर मोजतो आहे, कारण डॉक्टरकीत माझं जे थोडंफार नाव झालं त्याची सुरुवात तिथं झाली.

काही वर्षांनी इंदूरकडून प्लेग आमच्या बाजूला सरकला. त्यात माझं कुटुंब गेलं. मूलबाळ नव्हतं. प्लेगावर मी लिहीत नाही त्याचं कारण एवढंच. त्यानंतर धारमध्ये मन लागेना, आणि देवासला जागा मिळाली ती मी घेतली.

निघायच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला पागेकडच्या घरी गेलो. वहिनी आता मोकळेपणानं बोलत. मी सहज विचारलं, ती डबी अजून आहे का?

"आहे नं," त्या म्हणाल्या. "वास मात्र गेला. दोन-तीन पावसाळ्यांतच गेला. आधी उघडून बघायचा धीर होत नव्हता, उघडली तर नुसतं तेलकट फडकं. मी फार रडले. मग ही पगडी हातात घेतली, पट्टी सोडायला, तर हिला गोविंदाचा वास." त्या हसल्या. "बरं झालं डाक्टरसाहेब, तुम्ही ती काढवलीत. नाहीतर मी पोराला कायम यांच्याच वासात ठेवलं असतं."

मग त्या आत गेल्या आणि एक गाठोडं घेऊन आल्या. मलमलच्या पट्ट्या होत्या. नव्या शिवलेल्या, धुतलेल्या, उन्हात वाळवलेल्या. शिवण बाहेरच्या अंगाला.

"गोविंदाच्या?" मी विचारलं.

"तुमच्या," त्या म्हणाल्या. "कितीतरी दिवस पाहतेय. तुमच्या पगडीची पट्टी काळी पडलीये आणि कपाळावर रांग उठलीये. जगाची कपाळं पाहता तुम्ही. घरच्या बाई गेल्यापासून तुमचं कोण पाहतं?"

मी गाठोडं घेतलं. नमस्कार केला आणि निघालो. घरी येऊन पगडी उतरवली, आरसा घेतला. वहिनींनी सांगितलं तसंच होतं, एका कानशिलापासून दुसऱ्यापर्यंत लाल रांग. मी तिथंच, अर्ध्या बांधलेल्या सामानात बसून, बायको गेल्यानंतर पहिल्यांदा पोटभर रडलो. मग कोमट पाण्यानं तोंड धुतलं, हलक्या हातानं, आणि पंच्यानं टिपलं.

सकाळी पगडीला स्वच्छ पट्टी बांधली आणि देवासला निघालो.